चौदा नंबरचं शीट

आजींनी पिशवीतून नकाशाची गुंडाळी काढली, प्रेसच्या काउंटरवर उलगडली आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वस्तू ठेवल्या. चष्म्याचं घर, पाण्याची बाटली, मालकांचा स्टेपलर आणि चौथ्या कोपऱ्यावर स्वतःचा डावा हात. मग उजव्या हातातलं भिंग त्या नकाशातल्या ओढ्याच्या काठाकाठानं फिरवू लागल्या. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. आतल्या खोलीत संगणकापुढे बसलेल्या ताईनं पाच मिनिटं कानाडोळा केला, पण आजींचं संपेचना, तेव्हा ती उठून बाहेर आली.

"काही चुकलंय का, आजी?"

"यात एक ठिपका होता," आजी मान वर न करता म्हणाल्या. "तो दिसत नाही."

ताईला आधी ते कौतुकच वाटलं. ठिपके दिसू नयेत म्हणूनच तर तिला पगार मिळत होता.

उपनगराचे छप्पन्न वर्षांपूर्वीचे मोजणीचे नकाशे पुन्हा छापायचं काम प्रेसकडे आलं होतं. एकूण बावीस शीटं. काम आणलं होतं इतिहास मंडळानं, म्हणजे दहा-बारा निवृत्त माणसांनी आणि त्यांचे चिटणीस असलेल्या मास्तरांनी. मास्तरांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला होता आणि आता तो अख्ख्या उपनगराला शिकवायचा चंग बांधला होता. कुठली गल्ली आधी पायवाट होती, कुठल्या इमारतीखाली विहीर बुजवली आहे, यावरून मंडळाच्या बैठकीत हमरीतुमरी व्हायची. अस्सल शीटं सरकारी नकाशाघरात कुलपात होती. ती स्कॅन करून मिळावीत म्हणून मास्तरांनी तीन वर्षं खेटे घातले होते.

स्कॅन हाती आले तेव्हा त्यांची दशा बघवत नव्हती. घड्यांच्या रेघा, ओलीचे पट्टे, कुणा साहेबानं ठेवलेल्या कपाचं गोल वर्तुळ, आणि माश्यांनी वर्षानुवर्षं बसून केलेली नक्षी. ताईनं ते सगळं पडद्यावर मोठं करून एकेक डाग पुसत आणलं. वीस वर्षं ती हेच करत होती. मालक तिला डागांची डॉक्टर म्हणायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तिनं साफ केलेले कागद आधी कसे होते आणि नंतर कसे झाले ते हौसेनं दाखवायचे. चौदा नंबरच्या शीटवर तिनं सगळ्यात जास्त डोळे फोडले होते, कारण त्यात ओढ्याकाठची मोठी मोकळी जमीन होती आणि मोकळ्या जागेत डाग लपत नाहीत. तिचा एक साधा नियम होता. ज्या ठिपक्याच्या शेजारी रेघ नाही, अक्षर नाही, आकडा नाही, तो डाग. या नियमानं तिला आजवर कधी दगा दिला नव्हता.

"कसला ठिपका, आजी?"

"शाईचा. आमच्या ह्यांनी काढलेला." आजींनी शीटच्या खालच्या कोपऱ्यातल्या आरेखकाच्या सहीवर बोट ठेवलं. "हे शीट त्यांच्याच हातचं आहे."

"विहिरीचा असेल. विहिरी सगळ्या ठेवल्यात मी."

"विहिरीचा नाही." आजींनी भिंग खाली ठेवलं. "आमची पहिली मुलगी आहे तिथं."

पलीकडे मालक फोनवर बोलत होते, ते बोलता बोलता थांबले. ताईनं आजींना हाताला धरून आत नेलं आणि स्वतःच्या खुर्चीत बसवलं.

आजींनी सगळं सांगितलं ते अगदी सपाट आवाजात, बिऱ्हाड कुठून कुठं हललं ते सांगावं तसं. मुलगी नऊ दिवसांची होऊन गेली. नाव ठेवायचं राहून गेलं होतं. आजी तेव्हा बावीस वर्षांच्या, तापानं फणफणलेल्या. त्यांना कुणी उठू दिलं नाही. आजोबा आणि एक शेजारी सकाळी तिला घेऊन ओढ्याकडे गेले. तिकडे तेव्हा नुसती मोकळी जमीन होती आणि तीच जमीन आजोबा त्या महिन्यात साखळी टाकून मोजत होते. दुपारी परत आले, मोरीत बराच वेळ हात धूत उभे राहिले. कुठं ठेवलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आजींनी विचारलं नाही. पुढे दोन मुलगे झाले, शिकले, दूर गेले. ओढ्यावर स्लॅब पडला, मोकळ्या जमिनीवर इमारती उठल्या, आणि ती गोष्ट तशीच राहिली. तीन वर्षांपूर्वी आजोबा अंथरुणाला खिळले, वाचाही जवळजवळ गेली, तेव्हा आजींनी धीर करून पहिल्यांदा विचारलं. ते खूप वेळ नुसतेच ओठ हलवत राहिले. मग तीन शब्द बोलले. चौदा नंबर. ठिपका. त्यानंतर बाराव्या दिवशी ते गेले.

"नकाशाघरात फोन केला, तर म्हणाले, संस्थेचं पत्र आणा. माझी कुठली आलीय संस्था? मग या मंडळाचं कळलं, सभासद झाले. म्हटलं, छापून येतंय तर थांबू." आजींनी पदरानं चष्मा पुसला. "तेव्हापासून वाट बघतेय."

नवीन छापलेली ही नमुना प्रत मंडळानं दुरुस्त्यांसाठी सभासदांना वाटली होती. म्हणजे ही बाई तीन वर्षं थांबली आणि हातात आला तो तिनं पुसून लख्ख केलेला कागद.

"आजी, तो ठिपका मी पुसला."

"पुसला म्हणजे?"

ताईनं सांगितलं. आजींनी चार शब्द सुनावले असते तर तिला हलकं तरी वाटलं असतं. पण आजींनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुला कसं कळणार, मुली? मला तरी कुठं कळलं होतं."

मूळ स्कॅन संगणकात होता, एवढीच काय ती जमेची बाजू. ताईनं तो उघडला, ओढ्याकाठची जमीन पडदाभर मोठी केली आणि दोघी बघतच राहिल्या. ठिपकेच ठिपके. लहान, मोठे, काळे, तपकिरी, एकाला एक चिकटलेले. ताईनं मोजले, ते एकशे त्रेचाळीस भरले.

"एवढे?"

"माश्या आहेत, आजी. ओल आहे. कुणी पेन झटकलं की शाई उडते, ती आहे."

आजींनी खुर्ची पुढे ओढली आणि तासभर एकेका ठिपक्याकडे बघितलं. हा असेल का, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. डोळ्यांना पाणी यायला लागलं तेव्हा मागे टेकल्या. "यातला एक आपला," एवढंच म्हणाल्या आणि घरी गेल्या.

तो सोमवार होता. छपाई शुक्रवारी होती, कारण रविवारी मंडळाचा प्रकाशनाचा कार्यक्रम ठरला होता आणि मास्तरांनी तर भाषणही पाठ करून ठेवलं होतं. ताईनं मंगळवारची सकाळ त्या एकशे त्रेचाळीस ठिपक्यांत घालवली. रंगावरून काही हाती लागतंय का ते बघितलं, आकारावरून बघितलं. तपकिरी तेवढे वगळता आले. तरी नव्वद उरले, आणि नव्वदांत तिचं घोडं अडलं.

दुपारी मालक तिच्या मागे येऊन उभे राहिले. मालक मऊ मनाचा माणूस. लग्नपत्रिकेत चूक राहिली तरी दोन दिवस न जेवणारे.

"ताई, एक सुचवू का? यातला एक निवडा आणि देऊन टाका."

"खोटा?"

"खोटा कशानं? नव्वदांतला एक. लागला तर खराच लागेल की." ते क्षणभर घुटमळले. "आजींचं वय बघा. त्यांना आता मोजमाप करायचंय थोडंच? हात ठेवायला जागा हवीय."

ताईला त्यात काही वावगं सापडेना, हीच मोठी अडचण होती. तिनं ठिपका निवडला. शेजारी झाडाच्या दोन खुणा होत्या, ओढा हाकेच्या अंतरावर होता. ती स्वतः आई असती, तर तिनं हीच जागा निवडली असती. तिनं तो साफ केलेल्या शीटवर बसवला, एक प्रत छापली, गुंडाळी करून पिशवीत घातली आणि संध्याकाळी आजींच्या घरी गेली.

घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. खिडकीपाशी उतरत्या फळीचं उंच टेबल होतं, त्यावर आता औषधांच्या बाटल्या मांडल्या होत्या. आजींनी चहा टाकला. ताई पिशवी पायाशी ठेवून बसली. येताना रस्ताभर तिनं एकच वाक्य घोकलं होतं. आजी, सापडला. चहा झाला की म्हणू, असं ठरवून तिनं कप हातात घेतला.

"तू आलीस ते बरं झालं," आजी म्हणाल्या आणि टेबलाखालून एक चपटी लाकडी पेटी काढून तिच्यासमोर उघडली. "ही त्यांची हत्यारं. उपयोग झाला तर बघ."

आत मखमलीच्या खाचांत शाईची पेनं होती, दोन कंपास होते, पितळी पट्टी होती. एका कडेला लाकडी मुठीत बसवलेली बारीक सुई होती. ताईनं ती उचलली.

"ती माझी आहे," आजी हसल्या. सोमवारपासून ताईला त्या पहिल्यांदाच हसताना दिसल्या. "माझ्या शिवणाच्या डब्यातली पळवली आणि मूठ बसवून घेतली. ऑफिसातल्या सुया जाड असतात म्हणे. मी आठवडाभर शोधत होते."

"सुईचं काय काम?"

काम आजींना नीट ठाऊक होतं. आजोबा घरीही कागद आणून बसत आणि दिवा धरायला त्यांना आजीच लागायच्या. मोजणीचा कच्चा कागद वर ठेवायचा, पक्का कागद खाली, आणि मोजलेली प्रत्येक जागा सुईनं टोचायची. घराचा कोपरा असो, हद्दीचा दगड असो की विहीर. मग कच्चा कागद काढायचा आणि खालच्या कागदावर पडलेल्या भोकांवरून शाई द्यायची.

"भलता काटेकोर माणूस," आजी म्हणाल्या. "भिंतीला कॅलेंडर टांगायचं, तरी आधी पट्टी लावून खूण करायचे. टोचल्याशिवाय त्यांनी कधी शाईचं टोक कागदाला लावलं नाही."

ताईच्या हातातला कप तसाच राहिला.

"कधीच नाही?"

"कधीच नाही. मोजलं नाही तिथं ठिपका द्यायचा म्हणजे खोटं बोलणं, म्हणायचे."

माशी काही कागदाला भोक पाडत नाही. झटकलेली शाईही नाही. स्कॅन करताना कागद पांढऱ्या झाकणाखाली पालथा दाबतात, त्यात सुईचं भोक दिसत नाही. पण अस्सल शीट उजेडापुढे धरलं तर दिसेल. ताईनं हे आजींना सांगितलं, दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा तिलाच स्वतःचं पटत नव्हतं. पिशवीतली गुंडाळी तिनं बाहेर काढलीच नाही. जिन्यातून उतरताना तिचे चार तुकडे केले, आणि ते खालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले.

मास्तरांना फोन केला, तर ते आधी प्रकाशन पुढे जाणार की काय म्हणून हादरले. मग सगळं ऐकून घेऊन पत्र लिहायला बसले. बुधवारी सकाळी दहाला ते मंडळाचं पत्र, त्यावर शिक्का, सोबत दोन जास्तीच्या प्रती घेऊन बसथांब्यावर हजर होते.

बसमध्ये ताई आणि आजी शेजारी बसल्या. आजींच्या मांडीवर पाण्याची बाटली होती आणि त्या तिचं झाकण उगाच घट्ट करत होत्या. थोड्या वेळानं त्या आपणहून बोलू लागल्या.

"अकरा फेब्रुवारी. त्या दिवशी मी डोकं दुखतंय म्हणून पडून राहायची. दर वर्षी. हे डबा घेऊन ऑफिसला. एका वर्षी ह्यांना एकशे दोन ताप होता, धाकटा दहावीला होता तेव्हा. म्हटलं, आजच्या दिवस राहा घरी. तरी गेले." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "मला राग यायचा बरं का. वाटायचं, पुरुषांचं बरं असतं. कागदावर ठिपका दिला की मोकळे. खरं तर तेव्हा मला ठिपक्याचंही माहीत नव्हतं."

ताईनं आजींच्या हातातली बाटली घेऊन स्वतःच्या पिशवीत ठेवली.

नकाशाघराचे साहेब निवृत्तीला आलेले, उंच, वाकलेले गृहस्थ होते. मास्तर त्यांना पाठीमागे 'कुलूप' म्हणायचे. तीन वर्षांच्या खेट्यांत मास्तरांनी त्यांच्या तोंडून नियम सोडून दुसरं काही ऐकलं नव्हतं. साहेबांनी पत्र वाचलं, उलटवून मागची कोरी बाजूही बघितली.

"आत एका वेळी दोघांनाच परवानगी आहे."

अस्सल शीटं स्वतःच्या डोळ्यांनी बघायची म्हणून मास्तर झुरत होते, हे सगळ्या मंडळाला माहीत होतं. स्कॅनच्या वेळीही त्यांना दाराबाहेरच ठेवलं होतं. त्यांनी एकदा दाराकडे बघितलं, मग बाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि वर्तमानपत्र उघडलं.

"मला काय, मी रविवारी बघेन छापील," ते वर्तमानपत्राआडून म्हणाले.

आत लोखंडी कपाटांच्या रांगा होत्या. साहेबांनी चौदा नंबरचं शीट काढून टेबलावर पसरलं आणि कुणी काही विचारायच्या आत सांगितलं, की हात लावायचा नाही आणि उचलायचं तर मुळीच नाही. जुना कागद आहे, फाटला तर जबाबदारी त्यांची. ताईनं त्यांना सुईचं सांगितलं, उजेडाचं सांगितलं. का, तेही सांगितलं. आजी पुढे झाल्या. त्यांनी शीटच्या कोपऱ्यातल्या सहीकडे बोट केलं.

"हे माझे यजमान."

साहेबांनी खाली वाकून सही वाचली. मग आजींकडे बघितलं. नंतर ते खिडकीपाशी गेले, दोन्ही पडदे पूर्ण सरकवले, फडक्यानं काच पुसली आणि परत येऊन म्हणाले, "तुम्ही खालची बाजू धरा. ओढू नका. मी वरची धरतो."

दोघांनी शीट काचेवर हलकेच टेकवलं.

बाहेर अकराचं ऊन होतं. आधी नुसताच कागद पिवळा झाला. मग डोळे सरावले आणि बारीक बारीक उजेड दिसू लागले. घरांच्या कोपऱ्यांवर, बांधांच्या वळणांवर, हद्दीच्या दगडांवर, विहिरींच्या मधोमध. जिथं जिथं त्या माणसानं मोजलं होतं, तिथून तिथून ऊन आत येत होतं. ताईनं हे शीट महिनाभर पडद्यावर बघितलं होतं, इंच न् इंच पुसलं होतं, आणि यातलं काहीएक तिला दिसलं नव्हतं.

ओढ्याकाठी मात्र काळोखी होती. सगळे ठिपके नुसतेच काळे, मुके. ताईची नजर डावीकडून उजवीकडे सरकत गेली. तिनं निवडलेला तो झाडांजवळचा ठिपकाही काळाच होता. त्याच्या बरंच खाली, जिथं ओढा वळण घेऊन अंग काढून घेतो तिथं, एका लहानशा ठिपक्याच्या पोटात उजेड होता.

"आजी," ती म्हणाली. तिचे दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून तिनं हनुवटीनं दाखवलं. "तो. खालचा."

आजी काचेच्या अगदी जवळ गेल्या. त्यांनी बोट पुढे केलं आणि कागदापासून अर्ध्या इंचावर थांबवून साहेबांकडे बघितलं.

"लावा हात," साहेब म्हणाले.

आजींनी बोट टेकवलं. उजेड बोटाखाली गेला. त्यांनी बोट उचललं, तो परत आला. त्यांनी असं दोनदा केलं. मग तळवा अख्खा टेकवला आणि तसाच राहू दिला. वर साहेबांचे हात भरून आले असतील, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही.

शीट टेबलावर आलं तेव्हा ताईनं आजचा नकाशा काढला. पारदर्शक कागदावर तो तिनं याच मापाचा छापून आणला होता. तिनं तो वर ठेवला, ओढ्याची रेघ ओढ्यावर जुळवली, जुनी विहीर विहिरीवर जुळवली. ठिपका पाण्याच्या टाकीच्या आवारात पडत होता.

"वर काही बांधलंय?" आजींनी विचारलं. जन्मभर न विचारलेला प्रश्न त्यांनी असा पटकन विचारून टाकला.

"नाही. टाकी अलीकडे आहे. कुंपणाच्या आत आहे ते, पण तिथं नुसतं गवत आहे."

"गवत आहे," आजी म्हणाल्या. त्यांचे खांदे थोडे खाली आले. ताईनं ठिपक्याचं माप वहीत उतरवून घेतलं. तो परत शीटवर यायचा होता, आणि शुक्रवारला अजून पुरेसा वेळ होता.

शीट परत ठेवण्याआधी साहेबांनी कपाटाच्या खणातून एक पिवळं पडलेलं कार्ड आणलं. शीट कपाटातून निघालं की त्याच्या कार्डावर नोंद लागते, ते म्हणाले. तारीख, नाव, कारण, सही. मंडळाचे स्कॅन एकगठ्ठा झाले म्हणून त्यांची नोंद दुसऱ्या वहीत होती. या कार्डावर मात्र बऱ्याच वर्षांत काही लिहिलं गेलेलं नव्हतं.

त्यांनी कार्ड आजींपुढे ठेवलं आणि पेनचं टोपण काढता काढता तेच वाचत थांबले.

वरच्या दोन ओळी कुणाकुणाच्या होत्या. त्याखाली एकच नाव, एकच सही, ओळीनं खालपर्यंत. तारीख अकरा फेब्रुवारी. पुढच्या वर्षी अकरा फेब्रुवारी. रविवार आला असेल त्या वर्षी बारा. कारणाच्या रकान्यात दर वेळी एकच शब्द, प्रत्येक वर्षी पूर्ण लिहिलेला. तपासणी. शाई बदलत गेली होती, अक्षर मोठं होत गेलं होतं, शब्द तोच. कार्डाच्या पाठीमागेही तेच. एकतीस ओळी होत्या.

ताईनं आजींकडे बघायचं टाळलं. आजी एकेका ओळीवरून बोट खाली नेत होत्या.

"धाकट्याच्या दहावीचं वर्ष बघ गं," त्या म्हणाल्या. "माझा चष्मा धुरकटलाय."

त्यांनी वर्ष सांगितलं. ताईनं ओळ शोधली. बाकीच्या सह्या रेघ ओढल्यासारख्या सरळ होत्या, ही तेवढी डगमगलेली होती.

"आहे, आजी."

साहेब खिडकीकडे तोंड करून उभे होते. मग तिकडेच बघत बोलले.

"शेवटची सही आहे ना, त्याच्या पुढच्या वर्षीही ते आले होते. तेव्हा निवृत्त झालेले होते. मी नुकताच रुजू झालो होतो. मी म्हटलं, आता तुम्ही बाहेरचे. पत्र आणा."

"मग?" ताईनं विचारलं.

"मग आले नाहीत."

बाहेर बाकावर मास्तरांनी वर्तमानपत्राचं पान उलटलेलं ऐकू आलं. आजींनी साहेबांकडे बघितलं. रागावण्यासारखं त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"ते कुणाकडे काही मागायचेच नाहीत," त्या म्हणाल्या. "माझ्याकडेसुद्धा नाही. तुमचं काय चुकलं."

साहेबांनी स्वतःचं पेन त्यांच्या हातात दिलं आणि खुर्ची पुढे केली. आजी बसल्या. शेवटच्या ओळीखाली त्यांनी आजची तारीख घातली, शेजारी आपलं पूर्ण नाव सावकाश लिहिलं. कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"काहीही लिहा," साहेब म्हणाले. "माझी हरकत नाही."

आजींनी वर बघितलं नाही. आजोबांच्या शेवटच्या 'तपासणी'च्या बरोबर खाली त्यांनी दोन छोट्या तिरप्या रेघा ओढल्या, वरीलप्रमाणे म्हणून कारकून मंडळी ओढतात तशा, आणि पुढच्या रकान्यात सही केली. शाई वाळेपर्यंत कार्डाला कुणी हात लावला नाही.